शेरा

सकाळी कुलूप काढलं की आधी फ्रीज बघ, झाडू नंतर.
दोन ते आठ.
काटा नऊवर असेल तर नऊच लिही,
आणि रात्री लाईन गेली होती, हे शेऱ्यात.
सहा लिहिलंस तर कुणी विचारणार नाही.
तेच तर वाईट आहे.

बाई आली की लगेच दंडाला पट्टा गुंडाळू नकोस.
वाघदऱ्याहून चालत आलेली असते ती,
कडेवर पोर, पायात अजून चढण.
पाच मिनिटं बसू दे. पोर तू घे.
बोलती ठेवू नकोस, आपल्याला फार सवय आहे बोलायची.
नाहीतर यंत्र तिचा रस्ता मोजतं.
एकशे अडतीस आलं तर एकशे अडतीस;
गोल आकडे देवळाच्या देणगीपाटीवर शोभतात.

साखर बघताना स्पिरिट वाळू दे, पहिला थेंब पुसून टाक.
तेवढ्यात ती म्हणेल, "अवं, वाया गेलं ना माहं रगत."
हस, पण पूस.

वय विचारलं की म्हणतात, "लिवा तुमच्या मनानं."
मनानं लिहायचं नाही.
विचार, शाळेचे पत्रे उडाले त्या साली
तू केवढी होतीस, न्हाण आलं होतं का?
निघतं वय. वेळ लागतो, पण निघतं.

आणि नाव सांगून हाक मारू नकोस.
तू "शेवंता कोवे" म्हणालीस की
कुणीही ओ देतं, घाईनं, किंवा नीट ऐकू न आल्यानं.
तुमचं नाव काय, असं विचार,
मग नवऱ्याचं, मग बापाचं.
पिंपरीत दोन शेवंता आहेत, दोघींचा नवरा लक्ष्मण.
एकीच्या कार्डावर एएस, दुसरीच्या एसएस.
एका अक्षराचं अंतर;
एक शेवंता धान रोवते,
दुसरी थंडी पडली की हाडं धरून रडते.

वरच्या खणात काचेच्या कोऱ्या नळ्या आहेत.
त्यांना साबण लावू नकोस कधी,
साबणाची नळी खोटं बोलते.
मोहाच्या दिवसांत लागतात.
पहाटे अंधारात फुलं वेचताना
पाचोळ्यात हात जातो, आणि घोणस काही वाट सोडत नाही.

निरंजन पेंदामच्या पोराला आणलं तेव्हा
डॉक्टरसाहेब जिल्ह्याला मीटिंगला होते.
पायाला दोरी, तोंडात हळद.
सिस्टरनं रक्त काढलं, नळी माझ्या हाती दिली.
वीस मिनिटं उभी ठेवायची, हलवायची नाही,
मग एकदाच तिरपी करायची.
बाप म्हणत होता, "जरा हालवून पाय ना, बाई."
मी नाही हलवली.
तिरपी केली तेव्हा रक्त पाण्यासारखं घरंगळलं.

एवढं बरोबर केलं मी.
मग गाडी आली, चिठ्ठी लिहिली,
नाव, गाव, बापाचं नाव, नळी पातळ.

अर्ध्या तासानं ग्रामीण रुग्णालयातून फोन:
"नळी किती वाजता लावली होती?"
मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं,
जसं काही ते मागे जाऊन बघून येणार होतं.
साडेपाच, म्हणाले. मग म्हणाले, पावणेसहा असेल.
तिकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही.
त्यांनी नवी नळी लावली, पुन्हा वीस मिनिटं.

ती वीस मिनिटं माझ्या नावावर आहेत.
पोराचं पुढे काय झालं, विचारू नकोस.
आपल्या रजिस्टरात तो रकाना नाही.
शेऱ्याचा आहे.
त्या दिवशीच्या शेऱ्यात
मी पट्टी लावून आडवी रेघ ओढलेली आहे,
पान एकशे बारा, बघ हवं तर.

हे घे घड्याळ, सेकंदकाटा असलेलं,
माझ्या पैशाचं आहे, स्टॉकला लावू नकोस.
बाहेर पायरीवर कुणी म्हातारी बसली आहे, केव्हाची.
जा, नाव विचार तिचं.
मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही.